न पिकणारं घर

सोमवार, ४ तारीख

सगळ्यांत आधी टपकली ती समोरची शेजारीण. माझी पिशवी अजून खांद्यावर, एक चप्पल पायात, एक दारात, आणि ही बाई हजर. ओळख ना पाळख, पहिला प्रश्न काय, तर आजी, तुम्ही किती दिवस टिकणार? मी म्हटलं, अगं, रात्रीच्या जेवणापर्यंत तरी टिकेन म्हणते, वाढणार असलात तर. लेक हसली. शेजारीण नाही हसली. मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, नाकाने एकदा जोरात हवा ओढली आणि गेली. तिच्या मागे तिची मुलगी उभी होती, पहिलीतली, दोन वेण्यांची. पोर गोड आहे, आईवर गेलेली नाही.

पाठोपाठ टिकलीवाले आले. हे नाव मीच ठेवलं. एक बाई, एक बाप्या, दोघांच्या हातांत पातळ मोजे आणि बाप्याकडे पेटी. बाई इतकी गोड बोलते की ऐकून दात किडावेत. माझ्या पिशवीतलं सगळं त्यांनी टेबलावर मांडलं आणि खायच्या प्रत्येक वस्तूवर एकेक गोल हिरवी चिकटी लावली, थेट टिकलीएवढी. मी म्हटलं, मलाही लावा की एक, कळू दे लोकांना म्हातारी ताजी आहे की शिळी. बाईने बाप्याकडे बघितलं. बाप्याने खरंच माझ्या पलंगाच्या उशाशी एक लावली. काय हसलो आम्ही! म्हणजे मी हसले.

जावईबुवा ज्या कंपनीत आहेत ती खाण्याच्या वस्तूंची पाकिटं बनवते, आणि ही इमारत कंपनीचीच. नवीन काही निघालं की आधी इथल्या घरांत वापरून बघतात. घर कसलं, आरसा आहे. पांढरंशुभ्र. दारांना फ्रीजसारखं रबर, लावलं की फुस्स आवाज येतो. खिडक्या मोठ्या आहेत, उघडत मात्र नाहीत. ऊन येतं, वारा नाही.

आणि माझी गुंडी! नातीला मी बघितलं होतं ती तीन महिन्यांची असताना, त्याला वर्ष उलटून गेलं. मग ही मंडळी इथे राहायला आली आणि बाहेरच्यांना मनाई झाली. आता लेकीची रजा संपली, बाळ सांभाळायला कोणी नाही, तेव्हा कुठे माझी परवानगी निघाली. मी विणून आणलेला स्वेटर तिच्या अंगात घातला तर ती आत हरवलीच, नुसती टाळू वर दिसत होती. मापात मीच चुकले. पण मला तर आनंदच झाला. वाटलं होतं बाळपण सगळं हातून निसटलं, तर इथे ते माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखं. अजून एका हातात मावते माझी बाय.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, दिवसभर भिंतींशी बोलशील त्यापेक्षा कागदाशी बोल. मी शाळेत गेले ती चार इयत्ता, त्यातली एक गोवरात गेली. पण अक्षर गोल आहे माझं.

मंगळवार, ५ तारीख

टिकलीचं गुपित जावईबुवांनी समजावलं. पदार्थ नासायला लागला की त्याला जो वास सुटतो, तो आपल्या नाकाला लागायच्या आधी टिकलीला लागतो आणि तिचा रंग बदलतो. हिरवी म्हणजे खुशाल खा. पिवळी म्हणजे आजच संपवा. तपकिरी म्हणजे गेलं, हात लावायचा नाही, टिकलीवाले येऊन घेऊन जाणार. किती छान! आयुष्यभर मी दूध हुंगलं, मासे हुंगले, नवऱ्याचे मोजे हुंगले. आता नाकाला पेन्शन.

इथे काही शिळंच होत नाही. पाव पहिल्या दिवसासारखा मऊ. फुलदाणीतली फुलं इथे राहायला आले तेव्हाची आहेत, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, कागदाची असतील. बोटाने दाबून बघितलं, तर खरी. पाणी सुटलं बोटाला.

फक्त दही लागेना. दूध कोमट केलं, विरजण लावलं, सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं, वर विरजण रुसल्यासारखं तरंगतंय. आजवर असं कधी झालं नाही. जावईबुवा म्हणाले, आई, दही म्हणजे तरी काय, बिघडलेलं दूधच ना. मी म्हटलं, बुवा, तुम्हीही कोणाचं तरी बिघडलेलं लेकरूच आहात. लेक इतकी हसली की तिला ठसका लागला.

गुरुवार, ७ तारीख

गुंडीची नखं कापावीत म्हणून नखांची बारीक कात्री मागितली. लेक म्हणाली, घरात नाही. मग इतके दिवस कशाने कापत होतीस? ती म्हणाली, लागलंच नाही गं कधी. आणि विषय बदलला.

मी खिडकीशी बसून गुंडीचं बोट न् बोट बघितलं. नखं कोवळी, नेमकी बोटाच्या टोकापर्यंत, एक रेघ पुढे नाही. मान अजून धरत नाही. हिरड्या सपाट. बघून हसते, पण रोज त्याच ठिकाणी, तेवढंच. दीड वर्षाच्या पोरीने एव्हाना घर डोक्यावर घ्यायचं. माझी लेक या वयात टेबलावर चढून मिठाचा डबा ओतायची.

स्वेटरचं माप बरोबर होतं.

लेक कामावरून आल्यावर मी सरळच विचारलं, बाळाला डॉक्टरला दाखवलंस का. ती म्हणाली, दाखवायचं काय, एकदा शिंकली नाही ती या घरात आल्यापासून. मी म्हटलं, अगं, पण वाढत नाही ती. तेव्हा लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, असू दे की आहे तशी. आहे ना पण.

गुंडीच्या आधीचं बाळ तिच्या मांडीवर गेलं होतं. ते मी बघितलंय.

रविवार, १० तारीख

आज सगळे घरी. केळी आली होती, कच्ची, टिकली लावलेली. मी म्हटलं, यांच्यात एक पिकलेलं केळं ठेवून कागदात गुंडाळते, दोन दिवसांत पिकतील. आमच्याकडे तशीच पिकवतात फळं. जावईबुवांचा चेहराच उतरला. म्हणाले, नको नको, तेच तर होऊ द्यायचं नसतं. मग त्यांनी सांगितलं ते मी आठवून लिहिते. पिकलेल्या फळातून एक हवा सुटते, ती बाकीच्यांना सांगते की पिका आता. म्हणून पाकिटात एक पांढरी पुडी टाकतात, ती ही हवा गिळते. दुसरी एक पुडी असते लोखंडाच्या भुकटीची, ती आपला श्वासाचा वायू पिऊन टाकते, मग बुरशी धरत नाही. निरोपच पोचला नाही तर फळ जिथल्या तिथे थांबतं. किती हुशारीचं काम, डोळे लकाकत होते त्यांचे. माणूस वाईट नाही. पाकिटांवर जीव आहे त्याचा.

नंतर गुंडीची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली पांढऱ्या पुड्यांचा थर. प्रत्येकीवर छापलेलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. खाऊ नये. पडद्यांच्या शिवणीत पुड्या, उशीत पुड्या, माझ्या पलंगाखाली तर पोतंभर, आणि त्या नव्या कोऱ्या. माझ्यासाठी आणलेल्या.

उशाशी लावलेली माझी टिकली पिवळी झालीय.

मंगळवार, १२ तारीख

शेजारणीकडे जाऊन आले. म्हटलं, या इमारतीत बाकी म्हाताऱ्या कुठे आहेत ते तरी कळू दे. ती चक्क खुलली. मुलीचे फ्रॉक दाखवले, म्हणाली, बघा, चार वर्षांत एकही उसवून वाढवावा लागला नाही. मुलगी पहिलीचंच पुस्तक वाचत होती. पाठ आहे तिला सगळं. पान न उघडता वाचते.

मी विचारलं, सासूबाई असतात का. म्हणाली, असतात की, या ना. आतल्या खोलीत नेलं.

खुर्चीवर बसवलेल्या. डोक्यापासून पायापर्यंत काचेसारख्या पातळ कागदात, कडा शिवून बंद. कपाळावर हिरवी टिकली. अंग अगदी टवटवीत. शेजारीण म्हणाली, फार पिकल्या होत्या हो, सगळ्या घराची टिकली पिवळी पडायला लागली होती, मग टिकलीवाल्यांनी नेल्या आणि पॅक करून परत आणून दिल्या. आता काही त्रास नाही.

मी म्हटलं, अगं, बोलतेस कधी त्यांच्याशी? ती म्हणाली, कसं बोलणार, पाकीट फोडलं की टिकत नाही ना.

तिचा फोन वाजला म्हणून ती बाहेर गेली. मी पुढे वाकले. आतून वाफ नाही, श्वास नाही. पण डोळे उघडे होते आणि ते माझ्याबरोबर फिरले. मी डावीकडे, डावीकडे. मी उजवीकडे, उजवीकडे.

घरी येऊन गुंडीला घेतलं आणि बसून राहिले. तिच्या पाठीवर किती वेळ थोपटलं कोण जाणे. तिला आवडलं ते.

गुरुवार, १४ तारीख

काल लेकीला सगळं सांगितलं. ती रडली, पण तिला माहीत होतं. म्हणाली, आई, तू निघून जा, तुझी टिकली तपकिरी व्हायच्या आत जा. मी विचारलं, आणि गुंडी? ती म्हणाली, गुंडी इथे सुरक्षित आहे.

सुरक्षित! मी म्हटलं, पोरी, कुलपातलं भांडंही सुरक्षित असतं. मी कुठे जात नाही.

आणि कामाला लागले. ते दोघे कामावर गेल्यावर पाळण्यातल्या सगळ्या पुड्या कात्रीने फोडल्या (कात्री माझ्या विणकामाच्या पिशवीत होतीच) आणि काळी भुकटी नळाखाली वाहून दिली. गुंडीला माझ्या कुशीत घेतलं, माझ्या गळ्याशी तिचं नाक. पिकलं फळ मीच की या घरात. म्हटलं, घे बाय, हुंग म्हातारीला, निरोप घे. पीक.

शनिवार, १६ तारीख

दात! खालच्या हिरडीला तांदळाएवढा पांढरा दात! बोट घातलं तर करकचून चावली. मी एकटीच घरभर नाचले, गुडघ्यांनी शिव्या घातल्या तरी नाचले.

पाळण्यावरची टिकली पिवळी झाली. आणि लगेच टिकलीवाले हजर, कोणी बोलावलं नसताना. बाईने गोड आवाजात सांगितलं की आजी, तुमच्यामुळे घर बिघडतंय, बाळ बिघडतंय. मी म्हटलं, बाळ बिघडत नाही, त्याला दात येतोय, तुम्हालाही कधीतरी आले असतील. बाप्याने पेटी उघडून माझ्या अंगाचं माप घेतलं, खांद्यापासून खांद्यापर्यंत, शिंप्यासारखं. मग बाई म्हणाली, बाळालाही वेगळं पॅक करावं लागेल आता, नाहीतर थांबणार नाही ते.

शुक्रवारी येतो म्हणाले. दोन पाकिटं घेऊन.

जाताना दार बदलून गेले. आता दार उघडायला स्वयंपाकघरातलं बटण दाबून धरावं लागतं. बोट काढलं की दार बंद. चुकून उघडं राहू नये म्हणून, म्हणे.

सोमवार, १८ तारीख

लेकीचं बोट धरून गुंडीच्या तोंडात घातलं. गुंडी चावली. लेक ओरडली, मग हसली, मग जमिनीवर बसून असं रडली की मला वाटलं हिचा श्वास जातो.

म्हणाली, आई, ही वाढली तर आजारी पडेल, पडेल झडेल, मग तिला काही झालं तर? मी म्हटलं, होईल की. आजारी पडेल, गुडघे फोडेल, तुला उलटून बोलेल, एक दिवस दार आपटून निघून जाईल, जशी तू गेली होतीस. त्यासाठीच असतात ती. पाकिटात ठेवायला नसतात.

तिने डोळे पुसले. मग हळूच विचारलं, स्वेटर कुठे आहे?

शुक्रवारच्या आत निघायचं आणि जावईबुवांना सांगायचं नाही असं ठरलं. गेले दोन दिवस ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

मंगळवार, १९ तारीख

हवा जड झाली आहे. भिंतीतून सतत बारीक घरघर. जावईबुवा ऑफिसातच राहिलेत, घराची दुरुस्ती होईपर्यंत तिकडेच थांबा असा वरून निरोप आहे म्हणे. दुरुस्ती म्हणजे आम्ही.

काडी ओढून बघितली. ज्योत आली, बारीक झाली, निळी झाली, गेली. दुसरी, तीही.

गुंडी मान धरायला लागली. माझ्या नाकाकडे बघून हसते, रोज वेगळं.

बुधवार, २० तारीख

बटणावर चमचा बांधून बघितला. रुमाल कोंबला. वीट ठेवली. दार हलत नाही. त्याला बोटाची ऊब लागते. जिवंत बोट.

म्हणजे एकीला मागे राहावं लागणार. लेक म्हणाली, मी राहते. मी म्हटलं, मूर्ख आहेस का, दूध काय मी पाजणार?

भांडलो. कुजबुजत भांडलो, तरी भांडलोच. खूप दिवसांनी. बरं वाटलं.

गुरुवार, २१ तारीख

दुपारी गेल्या. मी बटण दाबून धरलं. बोट पांढरं पडलं, मग निळं. काढलं नाही. लेक दारात उभी राहिली, वळली, म्हणाली आई — मी म्हटलं, वळू नकोस, बोट दुखतंय माझं, जा. गुंडी रडत होती. पहिल्यांदा मोठ्याने रडली, सगळ्या जिन्यात घुमलं. काय आवाज आहे पोरीचा! शेजारीण दार उघडून बघत होती. लेकीने तिच्या अंगावरून पोर नेली.

मग फुस्स.

खिडकीतून बघितलं. लेक रस्त्याने पळत होती. खांद्यावर गुंडी. वाऱ्याने तिचे केस उडत होते. आहेत की केस! चार पाच, पण आहेत.

शुक्रवार, २२ तारीख, सकाळ

छातीत दगड ठेवल्यासारखं. दोन ओळी लिहिते, थांबते. माझी टिकली तपकिरी — दारावरची पण — सगळ्याच. पाव मऊच आहे. हसू येतं.

बोटाला अजून बटणाचा वळ आहे.

घाबरले आहे का? आहे. खोटं कशाला लिहू. पण त्या कागदात बसवलं तरी मी डोळे मिटणार नाही — बघत बसेन एकेकाकडे — बघतील मग —

तीच तारीख, थोड्या वेळाने

जिन्यात पावलं. दोघांची. पेटी पायरीला लागतेय.

विचारतील बाळ कुठे. सांगणार, वाढायला गेलंय.

शुक्रवारी येतो म्हणाले होते. शुक्रवारी म्हणजे आज, आणि दाराचं रबर आत्ता —